एल्नाचा फंड

म्हाताऱ्या माणसांना डायलिसिसला नेणारी गुरुवारची गाडी आता फार दिवस चालणार नाही, हे आर्लिसला लपवता येईना. इंजिन मान टाकायच्या बेतात होतं आणि ती चालवत असलेल्या छोट्या सेवासंस्थेच्या खात्यात नवं घेण्याइतकं काही नव्हतं.

डुलुथ शहरातल्या सल्लागार बाई म्हणाल्या होत्या, "लोक दानाचे पैसे आधीच वित्तसंस्थेकडे फंडात ठेवतात. ते परत घेता येत नाहीत, फक्त कुणाला द्यायचे ते सुचवायचं. असे लोक तुमच्या दारातच असतात हो. विचारा."

विचारणं हेच तर अवघड. या तळ्याकाठच्या गावात वाटीभर साखर मागायची तरी माणूस आधी शेजाऱ्याच्या दारातला बर्फ काढून देतो. आर्लिसने सकाळच्या प्रार्थनेत तेवढं धैर्य मागून घेतलं आणि रविवारी चर्चच्या तळघरात, कॉफीच्या वेळी, एकदाचं विचारलं, "तुमच्यापैकी कुणाचा असा फंड आहे का?"

"माझा आहे की," इर्मा म्हणाली. "उशीखाली. मांजर राखण करतं."

सगळे हसले आणि पांगले. गाडी चालवणारा व्हर्नर, एल्नाचा नवरा, तेवढा बसून राहिला, बिनसाखरेची कॉफी ढवळत.

"एल्नाचा आहे," तो म्हणाला.

"एल्नाचा? मला कधी बोलली नाही."

"बोलली असती तर एल्ना कसली? दर नाताळात तुला वित्तसंस्थेकडून बिननावाचा चेक यायचा ना, तो तिचाच."

आर्लिस खुर्ची ओढून बसली. दरवर्षी ती त्या वित्तसंस्थेला मनापासून आभाराचं पत्र लिहायची, आणि एल्ना इथेच समोर बसून पाव बुडवून खात असायची. एल्ना वारली, तेव्हापासून चेकही आला नव्हता.

"मग तुम्ही का नाही पाठवलात?"

"आता सुचवायचं मी. पण संपला फंड, तर तिचं देणंही संपलं." व्हर्नरने चमचा खाली ठेवला. "आणि तू कधी मागितलं नाहीस. म्हटलं, नड नसेल."

"मी गाडी ढकलत होते, व्हर्नर."

"आत मीच बसलो होतो की. पण ढकलणं म्हणजे मागणं नव्हे, बाई."

तिला हसू आलं, डोळेही भरले. "सगळा नकोच रिकामा करायला. आत्ता इंजिनापुरतं सुचवा, मग दर नाताळाला थोडं थोडं. तिचं देणं चालू राहील."

तिने पिशवीतून लॅपटॉप काढला, तसा तो त्याच्यापाशी सरकला. रक्कम भरून झाली. शेवटी प्रश्न आला : संस्थेला देणाऱ्याचं नाव कळवायचं का?

"ती नेहमी नाही म्हणायची. रागावेल."

"रागावू दे. मला एकदा तिचे आभार मानायचेत. त्या वित्तसंस्थेचे पुष्कळ मानून झाले."

व्हर्नरने 'हो' दाबलं आणि हात मांडीवर ठेवले. "मान मग."

आर्लिस एल्ना बसायची त्या समोरच्या खुर्चीकडे वळली. "एल्ना," ती म्हणाली आणि पुढचे शब्द शोधू लागली. व्हर्नर वाट पाहत बसला. त्याला कसली घाई नव्हती.