बंधुराजांचा पिकअप

आमचे बंधुराज पिकअप निवडताहेत. थंडीत निवडायला बसले होते, आता पंखे लागले तरी उठलेले नाहीत. एवढ्या वेळात लोकांची लग्नं ठरतात, मोडतात आणि दुसरीकडे पुन्हा ठरतात. यांचा पिकअप काही ठरेना.

पिकअप म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत, तरी सांगते. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली काडेपेटीहून जरा लांब अशी एक डबी असते. आत चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. वर गिटारची तार थरथरली की ही डबी ते टिपते आणि ॲम्प्लिफायरकडे पाठवते. झालं, एवढंच तिचं काम. पण बंधुराजांशी पाच मिनिटं बोलाल तर तुम्हाला वाटेल, वाजवतो तो पिकअपच, आणि माणूस आपला गिटार धरायला लागतो म्हणून ठेवलाय.

आम्ही तिघं मिळून वाजवतो. माझा डबल बेस, म्हणजे माझ्याहून उंच असं एक लाकडी धूड, नवऱ्याचे ड्रम, आणि या धाकट्याची गिटार. आम्ही रोज वाजवायचो ते हॉटेल बंद पडलं, तेव्हापासून नवरा एका गोदामात खोकी उचलतो आणि मी ज्यांना शिकायचं नाही अशा लोकांना शिकवते. आता एका नव्या हॉटेलच्या मॅनेजरने शनिवारी ऐकायला बोलावलंय. आवडलं तर जवळजवळ रोज संध्याकाळचं काम. नाही आवडलं तर भिंतीत स्पीकर बसवून तो मोकळा होणार. तसं त्याने तोंडावर सांगितलंय.

हा मॅनेजरही एक नमुनाच. त्याला जेवणाच्या वेळी मऊ जॅझ हवंय, मग टेबलं बाजूला सारून नाचायला रॉकबिली, म्हणजे ते जुनं उड्या मारायचं अमेरिकन संगीत, आणि दोन्हीचा आवाज म्हणे अस्सल जुना हवा. वय तिशीच्या आतबाहेर. जुना आवाज यानं ऐकला कुठे, कोण जाणे. भिंतीवर फुटकी रेकॉर्ड टांगणाऱ्यांपैकी आहे तो. पण 'अस्सल जुना' हे शब्द त्याने बंधुराजांसमोर उच्चारले आणि आमच्या घोड्यानं पुन्हा तिथेच बसकण मारली.

तसं पाहिलं तर गिटारमध्ये पहिल्यापासून पिकअप होता की. उत्तम वाजत होता. बंधुराजांनी एके दिवशी जाहीर केलं की त्याच्यात आता जीव उरला नाही, आणि काढून टाकला. मग आणला एका गुंडाळीचा, जुन्या जॅझवाल्यांचा, जाड आवाजाचा. तो ट्यूबलाइट लागली की घूं घूं करायचा. मग दोन गुंडाळ्यांचा अरुंद आणला, रॉकबिलीसाठी, खणखणीत. तो म्हणे फारच खणखणीत. मग चुंबक बदलले. दोन नंबरचा चुंबक म्हणे मऊ, पाच नंबरचा तिखट. मग वरचं पत्र्याचं झाकण काढलं, कारण झाकणामुळे आवाज गुदमरतो. मग परत बसवलं, कारण जुन्या लोकांचा आवाज गुदमरलेलाच होता. हे सगळं तो मला इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, जसं काही आमच्या घराण्यात आजवर कुणी अक्कल म्हणून पाहिलीच नव्हती आणि याच्या रूपानं ती आता अवतरलीय.

तालमीला मी आणि नवरा दोघंच वाजवायचो. बंधुराज खुर्चीत बसून मान डोलवायचे, आणि त्यांची गिटार पोट उघडून घरी टेबलावर पडलेली. मला सगळं पाठ आहे ताई, तू काळजी करू नकोस, म्हणायचा. नवरा माझा स्वभावाने गरीब. म्हणायचा, असू दे, कलाकार आहे तो. मी म्हणायचे, कलाकार डोंबलाचा. कलाकार वाजवतो तरी.

एकदा त्याच्याबरोबर दुकानात गेले आणि पस्तावले. दुकानदार याला लांबून बघूनच खुलतो. त्याच्याकडे खपत नसलेला प्रत्येक डबा त्यानं याच्या गळ्यात मारलाय. दोघं काउंटरवर वाकून, दोन डॉक्टर एक्स-रे बघताहेत अशा थाटात, त्या डब्या उलट्यासुलट्या करत होते. बंधुराजांची परीक्षा घ्यायची रीतही पाहून घ्या. दुकानातल्या गिटारवर तारा न दाबता नुसत्या मोकळ्या छेडायच्या, स्क्रूड्रायव्हरने पिकअपवर टक टक करायचं, डोळे मिटायचे, आणि डावा हात खिशात घालून साहेबासारखं म्हणायचं, भरत नाही. आवाज भरत नाही. अरे, एक अख्खं गाणं वाजव की त्याच्यावर! मी तसं म्हटलंसुद्धा. दुकानदार माझ्याकडे बघून कनवाळूपणे हसला, बाईंना यातलं काय कळणार अशा अर्थाचं. त्याच्या हसण्याची मला अजून चीड येते.

शनिवार दोन दिवसांवर आला तेव्हा माझा धीर सुटला. भर दुपारी मी त्याच्या खोलीवर धडकले. आज एकतर गिटार बंद होईल नाहीतर मी याला बंद करीन, असं ठरवूनच जिना चढले.

खोली म्हणजे काय वर्णावी. पलंगावर पिकअपचे रिकामे डबे, खिडकीत मेणाची पातेली, कारण वेढे मेणात बुडवायचे की नाही यावरही संशोधन चालू होतं. बंधुराज टेबलाशी बसून वायरीला सोल्डरिंगचा डाग देत होते. उजव्या हातात तापलेलं डाग द्यायचं हत्यार, डाव्या हातात पिकअप. मी दारातूनच सुरुवात केली. लाज कशी वाटत नाही, खोकी उचलून नवऱ्याच्या पाठीचा कणा मोडायला आलाय, आणि तू इथे चुंबकांची चव घेत बसलायस, वगैरे. तोंडाचा पट्टा सोडला की मी मागेपुढे बघत नाही. तो मान खाली घालून ऐकत होता आणि डाग देत होता.

तेवढ्यात मला वास आला. मेणाचा नाही, वायरीचाही नाही. बघते तर ते तापलेलं टोक त्याच्या डाव्या करंगळीला टेकलं होतं, कातडीतून बारीक धूर निघत होता, आणि हा शांतपणे पिकअपकडे बघत होता.

"मूर्खा, बोट जळतंय तुझं," मी म्हटलं.

त्याने खाली पाहिलं, आणि मग हात मागे घेतला. आधी पाहिलं, मग हात घेतला.

मी त्याला ओढत मोरीत नेलं आणि हात नळाखाली धरला. शिव्या देणं चालूच होतं माझं. आणि धरता धरता माझ्या हाताला त्याच्या बोटांची टोकं लागली. आम्हा तारवाद्यं वाजवणाऱ्यांची डाव्या हाताची टोकं घट्टे पडून निबर झालेली असतात. माझ्या बोटांनी मी गरम भांडं उचलते. याच्या करंगळीचं आणि तिच्या शेजारच्या बोटाचं टोक तान्ह्या बाळाच्या गालासारखं मऊ होतं. फक्त पहिल्या दोन बोटांना घट्टे होते. हे घट्टे जायला महिने लागतात, आणि जातात ते न वाजवल्यानेच.

"कधीपासून?" मी विचारलं.

मग त्याने सांगितलं, नळाकडे बघत. जुनं हॉटेल बंद व्हायच्या आधीपासूनच ही दोन बोटं बधिर व्हायला लागली होती. वाटलं, हातावर डोकं ठेवून झोपल्याने असेल. डॉक्टरकडे गेला तोवर उशीर झाला होता. कोपरापाशी नस दबून खराब झाली होती. ऑपरेशन केलं तर आणखी बिघडणार नाही म्हणाले, पण गेलेलं परत येईल असं कुणी म्हणालं नाही. आणि हे सगळं या शहाण्याने एकट्याने पोटात ठेवलं. सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. मला त्याच्या मुस्काटात मारावंसं वाटलं, आणि मी त्याचा हात सोडतही नव्हते.

"म्हणजे पिकअपचं सगळं नाटक," मी म्हटलं.

"नाटक नव्हतं गं, ताई," तो म्हणाला. "दोनच बोटं उरली ना. मला वाटलं, असा एखादा पिकअप सापडेल की दोन सूर लावले तरी चारांचं काम होईल. जॅझमध्ये जाड वाजेल, रॉकबिलीत मोकळ्या तारा इतक्या खणखणतील की मधलं गाळलेलं कुणाला कळणार नाही. जुन्यात भरत नव्हतं. हा शेवटचा आहे."

बोटाला मलम लावून पट्टी बांधली. त्याने राहिलेला डाग दिला, पिकअप बसवला, तारा चढवल्या, सूर जुळवला. मी पलंगावरचे डबे सारून बसले. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. त्याने ॲम्प्लिफायर लावला आणि जेवणाच्या वेळचं ते संथ गाणं सुरू केलं, जे आम्ही तिघांनी शेकडो वेळा वाजवलंय.

पिकअप सुरेख होता. हे मला कबूल केलं पाहिजे. जाड, उबदार, प्रत्येक सुराला अंग होतं. आणि त्या दोन सुरांच्या मध्ये जिथे तिसरा आणि चौथा असायचा, तिथली रिकामी जागाही तितकीच स्वच्छ ऐकू येत होती. मग त्याने रॉकबिली घेतलं. पहिली दोन बोटं तारांवर नुसती धावत होती, चौघांची कामं दोघांवर पडल्यासारखी. पट्टी बांधलेली करंगळी बाजूला वाकून राहिली होती. जिथे त्याची ती झरझर उतरणारी तान यायची, जिच्यावर लोक टेबलं सोडून उठायचे, तिथे त्याने दोनदा मोकळी तार मारली आणि पुढे गेला. घाम फुटला होता त्याला.

वाजवून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासून असंच बघतो. आणि मी लहानपणापासून याला काय सांगत आलेय? ताल पळतोय. नाकाने वाजवतोयस का. शेजारचं कुत्रं बरं. कधी एका शब्दानं चढवलं नाही, कारण हा चांगलाच वाजवायचा, आणि चांगलं वाजवणाऱ्याला बोललेलं सोसतं.

आता मला एकही शिवी आठवेना.

"छान वाजतंय रे," मी म्हटलं.

मग त्याने हात लांब करून ॲम्प्लिफायर बंद केला.

"एवढं वाईट वाजलं, ताई?"