दुकानाची वेळ

मामांनी मशीन आडवी केली, तिच्या पोटातला दोऱ्यांचा गुंता चिमट्यानं उपसला आणि भाचीकडे न बघताच सांगून टाकलं, "वेळ कसली लिहायची? दुकान उघडंच असतं."

भाची समोरच्या स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. शिलाई मशीन दुरुस्तीच्या या एवढ्याशा दुकानाची वेबसाइट करायचीच, असा तिनं हट्ट धरला होता. फोटो झाले, पत्ता झाला, फोन नंबर झाला आणि गाडी वेळेपाशी अडली. बंद कधी असतं, असं तिनं विचारलं तेव्हा मामा म्हणाले, मी गेल्यावर बघा.

दुकानामागच्या खोलीत मामी एकट्या जेवत होत्या. मामांचं ताट शेजारी झाकून ठेवलेलं. ते येणार गिऱ्हाइकं सरल्यावर, म्हणजे भाजी पार गारढोण झाल्यावर. "पाच मिनिटांत आलो" हे मामी लग्न झाल्यापासून ऐकत होत्या. आताशा त्या वाट बघत नसत. पण एकटीनं घास गिळायची सवय म्हणाल, तर ती काही झाली नव्हती.

मामा हेकट नव्हते, धास्तावलेले होते. फार पूर्वी लेकीच्या शाळेतल्या कार्यक्रमासाठी त्यांनी एक दिवस कुलूप लावलं आणि नेमका त्याच दिवशी मोठ्या कामाचा शिंपी येऊन दार ठोठावून गेला. तो दुसरीकडे गेला तो तिकडचाच झाला. त्यानंतर दुकानाला दिवसाढवळ्या कुलूप म्हणून लागलं नाही. पुढे लेक लांबच्या शहरात नोकरीला गेली, तिथंच तिनं संसार थाटला. मामी दोनदा जाऊन आल्या. दोन्ही वेळा लेकीनं दार उघडलं आणि आईच्या खांद्यावरून मागे जिन्याकडे बघितलं. हे मामींनी मामांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी उगाच जिवाला लावून घेतलं असतं.

त्या हात धुऊन बाहेर आल्या. "त्यात बंद आहे असं लिहिता येतं का गं?"

"येतं की. माणूस घरून निघायच्या आधी बघतो, मामी. हेलपाटा पडत नाही."

"मग लिही. गुरुवार ते शनिवार बंद. आम्ही दोघं लेकीकडे जातोय."

मामांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. मामींनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. नजरेला नजर भिडली असती तर अवसान गळालं असतं. भाचीही वस्ताद. मामांनी तोंड उघडायच्या आत ती लिहून मोकळी झाली.

पुढचे दोन दिवस मामा कुणाशी धड बोलले नाहीत. धंद्याची वाट लावायची ठरवलीय सगळ्यांनी, असं समोरच्या मशीनलाच ऐकवत राहिले. मामींनी बॅग भरली. निम्मी बाजू रिकामी सोडली आणि चेन उघडीच ठेवली.

बुधवारी मामांच्या मोबाइलवर मेसेज आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका शिंपीणबाईंचा. त्यांनी दुकान कधी पाहिलंही नव्हतं, फक्त वेबसाइट पाहिली होती. मामांनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचलं, "मशीन टाके सोडतेय. शनिवारपर्यंत तुम्ही नाही असं दिसलं. रविवारी घेऊन येते. तोवर दुसरीकडे देत नाही."

मग त्यांनी तेच मनातल्या मनात पुन्हा वाचलं. हात फडक्याला पुसले, भाचीला फोन लावला आणि बोलत बोलत रस्त्यावर गेले. मामींच्या कानावर "तेवढं बदल" एवढंच पडलं. झालं, पुसून टाकणार आता. त्या आत गेल्या आणि अर्ध्या भरलेल्या बॅगेची चेन ओढू लागल्या.

तेवढ्यात मामा दोन शर्ट घेऊन मागे उभे राहिले.

"थांब जरा," ते म्हणाले. "हे राहिलेत."

गुरुवारी बस शहराबाहेर पडली तरी मामींचा विश्वास बसेना. त्यांनी धीर करून मोबाइलवर दुकानाचं पान उघडलं. गुरुवार ते शनिवार बंद, हे जागच्या जागी होतं. त्याखाली एक नवी ओळ होती. रोज दुपारी एक ते दोन बंद.

"अहो, हे काय?"

मामा खिडकीबाहेर बघत होते. "जेवणाची सुट्टी."

"रोज?"

"लिहिलंय ना तिथं. आता लिहिलं म्हटल्यावर पाळायला नको? लोक बघून येतात."

मामींनी चष्मा काढून दोनदा पुसला. बरंच अंतर गेल्यावर मामांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मामींच्या मांडीवरचा डबा आपल्याकडे ओढला आणि दोघांच्या मधे ठेवून झाकण उघडलं.

"एक वाजला," ते म्हणाले. "चल, जेवून घेऊ."