पिकल्या ढिगाचा वास

"काहीतरी मेलंय या घरात," सासूबाई स्वतःशीच पुटपुटल्या.

त्यांचं पुटपुटणं इतकं हळू असतं, की खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडकीतून उत्तर दिलं, "आमच्याकडे पण!"

सासूबाईंना ऐकू कमी येतं. घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच त्याबद्दल कुणी बोलत नाही. आम्ही फक्त ओरडतो, टीव्ही भिंती हलतील असा लावतो, आणि पाहुणे दचकले की सांगतो, "आमच्याकडे सगळ्यांचेच आवाज जरा मोठे."

मेलेलं काही नव्हतं. गॅलरीत, गुलाबांच्या कुंड्यांशेजारी खताचं एक पोतं होतं. आमच्या ह्यांनी काल कामावरून मोठ्या कौतुकानं आणलेलं.

हे सांडपाण्याच्या प्लांटवर आहेत. शहरानं मोऱ्यांतून आणि संडासांतून जे सोडून दिलं, ते ह्यांच्याकडे पोचतं. पाणी साफ होऊन बागांना जातं. गाळ बंद टाकीत कुजतो आणि त्याच्या गॅसवर तिथलेच पंप चालतात. उरलेला गाळ पिळून, त्यात छाटलेल्या फांद्यांचा चुरा मिसळून त्याचे ढीग घालतात. ढीग आतून तापतो, पिकतो, निवतो, की झालं खत. साहेब म्हणत होते, कशाला हा उद्योग, ट्रक भरा आणि कचरा डेपोवर ओता. हे हट्टाला पेटले, म्हणाले, एक ढीग पिकवून दाखवतो. एका नर्सरीवाल्याला पटवलंसुद्धा. त्याची अट एवढीच, की पहिल्या ट्रकनं रोपं जाळली तर पुन्हा तोंड दाखवू नका. तो पहिला ट्रक उद्या सकाळी निघणार होता. फसला, तर पुढचे सगळे ढीग डेपोवर. गॅलरीतलं पोतं त्याच ढिगातलं.

ढीग पिकला की नाही, हे ह्यांचं नाक ठरवतं. थर्मामीटर असतो हो. पण ढीग पिकला म्हणूनही निवतो आणि आत हवा न लागून गुदमरला म्हणूनही निवतो. थर्मामीटरला त्यातलं काही कळत नाही. पिकलेल्याला दाट झाडीखालच्या मातीसारखा वास येतो. गुदमरलेल्याला कसला येतो म्हणाल, तर खालच्या वहिनींनी मेलेला उंदीर शोधायला कपाट सरकवलं होतं.

आणि नाक तरी कसलं! हे पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा बाहेरच्या खोलीत बसल्या बसल्या म्हणाले, "दूध लागतंय." माझी आई आत धावली. खरंच तळाला लागत होतं. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघितलं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

मागे ह्यांना मोठी सर्दी झाली होती. ती गेली, पण जाताना नाक घेऊन गेली. परवा दूध उतू जाऊन, करपून, पातेल्याचा कोळसा झाला आणि हे शेजारी उभे राहून पेपर वाचत होते. मी पातेलं घासलं. लेकीनं खिडक्या उघडल्या. लोकांना वाटेल, गटाराच्या कामात वास न येणं म्हणजे लॉटरीच लागली. पण ह्यांना नाक गेल्याचं सांगायचं म्हणजे गवयाला सांगायचं, तुमचा गळा गेला.

संध्याकाळी हे गॅलरीतून मूठभर खत घेऊन आत आले. नाकाशी धरलं, डोळे मिटले.

"वा! थेट जंगल! घे गं, वास घे."

"माझं नाक चोंदलंय, बाबा," म्हणत लेक बाथरूममध्ये पळाली.

"बरं, तू सांग," हे माझ्याकडे वळले.

"अहो, ट्रक चार दिवस थांबवला तर? हवा जरा दमट वाटतेय..."

"हवेचा काय संबंध? ड्रायव्हरला सांगतो, पहाटेच निघ म्हणून." त्यांनी दुसऱ्या हातानं फोन काढला.

तेवढ्यात सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. बोलणं त्यांना कळलेलं नव्हतं, मूठ मात्र दिसली होती. त्यांनी लेकाचं मनगट धरून हुंगलं आणि झटक्यात मान मागे घेतली.

"कच्चंय हे! माझ्या गुलाबांना घातलंस तर बघ. नाक कुठे ठेवून आलास रे?"

हे हसले. मग आम्ही हसण्याची वाट बघत थांबले. लेक बाथरूमच्या दारात नाकाला रुमाल लावून उभी होती. मी जमिनीकडे बघत होते, आणि ह्यांची नजरही तिकडे गेली. गॅलरीच्या दाराच्या फटीत मी जुना टॉवेल कोंबला होता.

"हा कधीपासून आहे इथे?"

"काल तुम्ही पोतं आणलंत, तेव्हापासून."

ते त्या टॉवेलकडे बघत राहिले. मग मुठीतलं खत अलगद एका कागदावर ठेवलं आणि ड्रायव्हरला फोन लावला.

"हां, मीच. उद्या येऊ नकोस. ढीग गुदमरलाय, उलटून हवा द्यायला लागेल." पलीकडून काहीतरी विचारणं झालं. "नाही रे, थर्मामीटर ठीक आहे." ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आवाज अगदी खाली गेला. "मला वास येत नाही."

लेकीनं रुमाल खाली घेतला. मी एक पाऊल पुढे टाकलं, पण त्याआधी सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"भिंतीला काय सांगतोस? मोठ्यानं बोल. मला ऐकू येत नाही."