अडीच किलोचा लॅपटॉप

लोणारच्या विवरातल्या देवळांचे फोटो काढायचं काम रेवतीला मिळालं, त्या दिवसापासून अनंत सर तिच्याशी सरळ बोलले नव्हते. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या याच सरांनी तिला आठवीत पहिल्यांदा कॅमेरा हातात दिला होता. आता ते निवृत्त होते, गावच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष होते, आणि हे काम आपल्या मुलाला, शंतनुला मिळेल असं धरून चालले होते. सभासदांनी दोघांचे फोटो बघितले आणि रेवतीचं नाव ठरवलं. सर त्या बैठकीतून चहा न घेता उठले होते.

कामासाठी मंडळाला लॅपटॉप घ्यायचा होता. खांबावरची एकेक मूर्ती टिपायची आणि नीट आली की नाही ते तिथंच मोठ्या पडद्यावर तपासायचं, कारण वनखात्याचा परवाना मोजक्या दिवसांचा होता. घरी आल्यावर फोटो हललेला निघाला तर परत उतरायची सोय नव्हती.

रेवतीने कागदावर लिहून दिलं : हलका हवा, सहा तास चार्जिंग टिकायला हवं, पडदा चकचकीत नको. सरांनी तो कागद वाचला आणि पेपरवेटखाली सरकवला.

"मी खामगावहून मागवलाय. सोळा इंची. व्हिडिओ गेमवाले वापरतात तो. दुकानदाराने चार दिवस बघायला दिलाय."

"सर, तो अडीच किलोचा आहे. चार्जर वेगळा."

"मग? आम्ही लाकडी तिवई खांद्यावर घेऊन फोटो काढलेत. तुम्हाला सगळं पर्समध्ये मावणारं पाहिजे."

"तुम्ही तो घेऊन एकदा खाली चला," रेवती म्हणाली. "मी मैत्रिणीचा हलका आणते. दोन्ही चालवून बघू."

तिला वाटलं होतं ते टाळतील. पण सरांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "उद्या. साडेआठला."

एप्रिल होता. दोघं आणि मंडळाचा शिपाई कडूबा पायऱ्या उतरू लागले. कडूबाने सरांची बॅग घ्यायला हात पुढे केला, तर सरांनी तो झटकला. "हिला दाखवायचंय मला." अर्ध्या वाटेवर त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. रेवती पुढे चालत होती. ती मुद्दामच थांबली नाही.

देवळाच्या ओट्यावर सरांनी लॅपटॉप उघडला. उन्हात त्या पडद्यावर फोटोऐवजी सरांचाच चेहरा दिसत होता. रेवती हसली. मग तिने मैत्रिणीचा उघडला. त्यातही फारसं काही दिसत नव्हतं. आता सर हसले.

"सावलीत बसा ना," कडूबा म्हणाला. "इथं उन्हात काऊन बसून राह्यले दोघं?"

आत मंडपात दोन्ही लॅपटॉप चालले. मोठे फोटो सरांच्या लॅपटॉपवर झटक्यात उघडत होते, हे रेवतीला कबूल करावं लागलं. मैत्रिणीचा रेंगाळत होता, आणि साठ-सत्तर फोटोंनंतर जागा संपल्याची सूचना आली.

"झालं? भरलं पोट?" सर म्हणाले. "डबा आणलास खेळण्यातला."

"जास्त जागेचा मिळतो सर. हा माझा नाही."

"कारणं तर तुझ्याकडं आठवीतही भरपूर होती."

ते तिला लागलं. तिने कॅमेरा लावला आणि ती काम करत राहिली. सव्वा तास झाला असेल, सरांच्या लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. पावणेदोन तासांनी पडदा काळा झाला. सरांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. चार्जर बॅगेत होता, पण देवळात तो लावणार कुठं?

"अजून आठ खांब राहिलेत," रेवती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता आणि तो लपवायची तिची तयारी नव्हती.

वर चढताना सर दर दहा पायऱ्यांना थांबत होते. "द्या बॅग," ती एकदाच म्हणाली.

"हात लावायचा नाही."

मग तिनेही परत विचारलं नाही.

संध्याकाळी मंडळाची बैठक झाली. हिंमतराव खजिनदार होते. त्यांनी विचारलं, "काय सर, कसा चालला?"

"उत्तम," अनंत सर म्हणाले. "एकदम वेगवान. रेवतीने आणलेला मात्र तासाभरात भरला."

रेवतीला क्षणभर आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. "सर, तुमचा दोन तासांत बंद पडला."

"बंद पडला नाही. मी बंद केला. काम झालं होतं."

"आठ खांब बाकी होते! कडूबामामा, तुम्ही तिथं होतात. सांगा यांना."

कडूबा दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभा होता. त्याने सरांकडे बघितलं, मग ट्रेकडे. "मले त्या मशीनीतलं काय समजते ताई."

हिंमतरावांनी वहीत काहीतरी लिहिलं. रेवतीने दिवसभराच्या फोटोंचं कार्ड कॅमेऱ्यातून काढून टेबलावर ठेवलं. "हे तुमच्या परवान्यावर काढलेत, तुमचेच. पुढचं शंतनुला सांगा."

"सांगणारच होतो," सर म्हणाले.

मंडळाने तोच मोठा लॅपटॉप घेतला. शंतनुने वरच्या गावातल्या देवळांचे फोटो काढले. खाली तो एकदाच उतरला.

रेवतीने स्वतःसाठी लॅपटॉप घेतला. त्या दिवसाने तिलाही शिकवलं होतं, म्हणून नुसता हलका बघितला नाही. चौदा इंची, सव्वा किलोच्या आसपास, पण जागा चौपट आणि पडदा न चकाकणारा. दुकानात तिने तो दारापाशी उजेडात नेऊन बघितला, दुकानदार वैतागेपर्यंत. मग स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज केला. त्यावर इतिहास मंडळाने लेखी हरकत घेतली. अर्ज अडीच महिने अडकला. पण परवाना आला, आणि तिने चार दिवसांत खालचं प्रत्येक देऊळ टिपलं.

दिवाळीनंतर मंडळाने काढलेल्या देवळांच्या पुस्तकाच्या प्रकाशनाची पत्रिका घेऊन कडूबा तिच्या दाराशी आला. खालच्या देवळांसाठी तिने दिलेल्या कार्डातलेच फोटो छापले होते, नाव शंतनुचं होतं. हे त्यानेच सांगितलं, विचारल्याशिवाय.

"ताई, त्या दिवशी मी बोलाले पायजे होतं."

"हो, पायजे होतं."

तिने आत बोलावलं नाही. पत्रिका उंबऱ्यावर ठेवून तो गेला. रेवती आत येऊन बसली आणि त्या दिवशी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर उतरवलेले मूळ फोटो, तारीख-वेळेसकट, वकिलाला पाठवायला निवडू लागली.