घोंगडं वाळेपर्यंत

मी एक जुनं घोंगडं आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. वास येतो, मला ठाऊक आहे. ओल्या लोकरीला तो यायचाच.

घाटावरच्या सनगराने मला काळ्या लोकरीतून विणलं, चिंचोक्याची खळ लावली आणि आंबेनळी घाट उतरून पोलादपूरच्या बाजारात आणलं. मला वाटलं होतं, एखाद्या गुराख्याच्या खांद्यावर जन्म जाईल. पण डोंगरातल्या एका गावाने मला आपल्या वरच्या बैठकीसाठी घेतलं आणि माझी ऐट वाढली.

आमच्या गावात बैठका दोन. खालची बैठक बहिरीच्या देवळापुढे भरते. तिथे सारं गाव येतं, आरडाओरडा होतो आणि निवाडाही होतो. वरची बैठक दुसऱ्या सकाळी माझ्यावर बसते. तिच्यात प्रत्येक वाडीचा एक जाणता माणूस असतो, मग वाडी केवढी का असेना. निवाडा पटला तर ते उठून जातात. नाही पटला तरी त्यांना तो मोडता येत नाही. ते फक्त मला ओढ्यात बुडवून कुंपणावर टाकतात. मी वाळेपर्यंत निवाडा लागू होत नाही. वाळलो की खालची बैठक पुन्हा भरते आणि तेव्हा ती म्हणेल ते खरं.

लोक चिडून म्हणायचे, "टाकलं वरच्यांनी भिजत घोंगडं!" इतर गावांत हे नुसतं बोलायचं, इथे मी खरोखर भिजत असे. वरचे नेहमी शहाण्यासारखं वागत असंही नाही. शाळेचं छप्पर त्यांनी उगाच अडवून धरलं होतं आणि पोरं बिचारी उन्हात बसली होती.

पण एका शिमग्यानंतर काय झालं ते ऐका. रंगूबाई नावाच्या विधवेने पेरणीआधी जमीन भाजायला पालापाचोळा पेटवला. वारा फिरला आणि शेजारच्या कुशाबाच्या गवताच्या उडव्या जळून गेल्या. चूक तिचीच होती, तिने ती नाकारलीही नाही. संध्याकाळी खालच्या बैठकीत कुशाबा उभा राहिला.

"माझी गुरं काय माती खातील? टाका तिला वाळीत!"

सारं गाव एका आवाजात हो म्हणालं. वाळीत म्हणजे कोणी विस्तव द्यायचा नाही, तिच्याकडचं पाणी प्यायचं नाही, तिच्याशी बोलायचंसुद्धा नाही. दोन लहान मुली घेऊन ती बाई कुठे जाणार होती?

सकाळी वरच्या बैठकीत म्हातारे महिपतबाबा म्हणाले, "चूक हाय तिची. पन गाव रागात हाय. भिजवा रे घोंगडं."

ओढा रंगूबाईच्या दारावरूनच जातो, म्हणून मला तिच्याच कुंपणावर टाकलं. मी वाळलो की बैठक भरणार आणि रंगूबाई वाळीत! फाल्गुनाचं ऊन माझ्या अंगावर पडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला उन्हाची भीती वाटली. कुशाबाला तर धीरच नव्हता. तो सारखा येऊन मला पिळायचा, उलटायचा, हात लावून बघायचा. भर दुपारी रंगूबाई तांब्या घेऊन बाहेर आली. दारात माणूस उन्हात उभा आहे, एवढंच तिने पाहिलं असावं.

"पानी घ्या, भावजी."

कुशाबा घटाघटा प्यायला आणि मग ते कोणाच्या हातचं, हे त्याच्या ध्यानात आलं. रिकामा तांब्या त्याने हळूच तिच्या दारात ठेवला. त्यानंतर त्याने मला पिळलं नाही.

मी वाळलो, बैठक भरली. कुशाबा खाली बघत म्हणाला, "मी तिच्या हातचं पानी प्यालोय. तिला टाकायची तर मलाबी टाका."

मग कोणाचा आवाज चढला नाही. ठरलं ते असं, की घरटी एकेक भारा गवत कुशाबाला मिळेल आणि पुढच्या हंगामात रंगूबाई त्याचं गवत कापून देईल. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

पुढे वरची बैठक क्वचितच बसू लागली आणि मला माळ्यावर टाकलं. उंदरांनी माझा कोपरा कुरतडला. यंदा, म्हणजे १९३७ साली, मुंबईच्या गिरणीतून आलेला भिकू खालच्या बैठकीत म्हणाला, "वरची बैठक बंद करा. एकदा ठरलं की खतम! टाइम कशाला घालवायचा?" गावाने पुन्हा एका आवाजात हो म्हटलं.

महिपतबाबांनी विचारलं, "मंग तुमच्या मुंबईत औंदा दोन सभागृहं कशाला केली रे?"

"खालच्यांनी केलेला कायदा वरचे परत बघतात. पन ते बड्या लोकांचं काम, बाबा."

"बडे असूदे नायतर बारके, परत बघतात ना? मंग ह्यो निवाडाबी परत बघूया."

दुसऱ्या दिवशी मला ओढ्यावर नेलं. रंगूबाईने एक टोक धरलं आणि दुसरं कुशाबाने.

मित्रांनो, आता श्रावण चालू आहे. आमच्या डोंगरात श्रावणात हातरुमाल वाळत नाही, मी कुठला वाळतोय! तोवर गाव ओटीवर बसून बोलतंय, भिकूसुद्धा बोलतोय. माझं मागणं एवढंच, मला उंदरांपासून जपा. आणि रागाच्या भरात कोणाला तोडायला निघालात, तर आधी माझ्यावर हात ठेवून बघा. मी अजून ओला आहे.