घरात कामकरी किती?

कोणताही छापील तक्ता घ्या, त्यात 'धंदा' नावाचा एक रकाना असतोच. वय सांगताना माणूस बोटं मोजतो, गाव सांगताना तालुका आठवतो, पण धंद्याच्या रकान्यापाशी आला की घरातल्या पुरुषाचं काम सांगून मोकळा होतो. विचारणाराही तेवढंच लिहून घेतो आणि पुढच्या घराकडे वळतो. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मुकुंद मास्तरांनाही वाटलं नव्हतं, आणि म्हणूनच ही गोष्ट घडली.

साल एकोणीसशे बत्तीस. मंदीने सोलापूरला चांगलंच घेरलं होतं. खेड्यापाड्यांत ज्वारीला भाव नाही, म्हणून बाजारात लुगड्यांना गिऱ्हाईक नाही. गिरण्यांचे भोंगे नेमाने वाजत, पण फाटकातून आत जाणारे कमी आणि बाहेर ताटकळणारे जास्त, अशी गत झाली होती. काही जण गावी परतले, काही कुर्डुवाडीला रेल्वेत मजुरी मिळते का ते पाहायला गेले. हातमागवाल्यांचे हाल तर विचारूच नका! घरात माग होता, अंगात कसब होतं, पण सूत आणायची ऐपत उरली नव्हती.

अशा वेळी शहरातल्या काही गृहस्थांनी एक समिती काढली. नवी पेठेतले सुताचे व्यापारी सिद्धलिंगप्पा तिचे अध्यक्ष झाले. समितीने घाऊक सूत आणायचं, मागवाल्यांच्या घरी पोचवायचं आणि तयार लुगडी आपणच विकून विणकराला मजुरी द्यायची, असं ठरलं. अट एकच होती. ज्या घरात निदान तीन कामकरी माणसं असतील, त्याच घराला सूत मिळेल. तीन माणसांशिवाय माग वेळेवर माल देत नाही, हे सिद्धलिंगप्पांना धंद्यातल्या अनुभवाने ठाऊक होतं. आता कोणत्या घरात किती कामकरी, हे कुणीतरी दारोदार जाऊन लिहून आणायला हवं होतं. ते काम शाळामास्तर मुकुंद यांच्याकडे आलं.

मास्तरांचं अक्षर देखणं, वागणं सरळ, आणि दोन्हींचा अभिमान जरा जास्तच. मागवाल्यांच्या एका अख्ख्या गल्लीतली एक्केचाळीस घरं त्यांनी दोन दुपारींत उरकली. जोडे काढायची वेळ येऊ नये म्हणून ते उंबऱ्याबाहेरूनच विचारत.

गुरप्पाच्या घरीही तसंच झालं. गुरप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत होता. शेजारी त्याची बायको सुंदरम्मा रहाट फिरवून कांड्या भरत होती. कांडी म्हणजे धोट्यात, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी नावेत, बसवायची सुताची नळी. कोपऱ्यात त्याची म्हातारी आई शरणम्मा, त्याची 'अव्वा', सुताची लडी उकलत बसली होती. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नसे, पण बोटांना गुंता बरोबर सापडे.

"गुरप्पा, घरात कामकरी किती?" मास्तरांनी विचारलं.

"मी एकटाच की, मास्तर."

"आणि ही दोन माणसं?"

"बायका हायत त्या." गुरप्पा मान ताठ करून म्हणाला, "आमच्या घरात बायकास्नी कामाला लावत न्हाईत."

मास्तरांनी रीत म्हणून सुंदरम्मालाही विचारलं. रहाटाचा हात न थांबवता ती लाजून म्हणाली, "मी कुटं काय करते? घरातच असते की."

मास्तरांनी गुरप्पाच्या नावापुढे 'विणकाम' लिहिलं, दोघींच्या नावांपुढे वळणदार अक्षरात 'काही नाही' लिहिलं आणि ते पुढच्या घराकडे वळले. रहाटाची घरघर पाठीमागून ऐकू येत होती. तिचा अर्थ काही त्यांच्या डोक्यात शिरला नाही.

आठ दिवसांनी धर्मशाळेच्या भिंतीवर यादी लागली. एक्केचाळीस घरांपैकी फक्त चार घरांना सूत मंजूर झालं होतं. ज्यांच्याकडे तीन-तीन कर्ते पुरुष होते, तीच ही चार घरं. गुरप्पाने यादी दुसऱ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि तिथून तडक मास्तरांचं घर गाठलं.

रविवार होता. मास्तर ओसरीवर बसून मुलांच्या वह्या तपासत होते.

"मास्तर, माझं नाव न्हाय यादीत."

"कसं असेल? तुमच्या घरात एकच कामकरी. तुम्हीच सांगितलंत ना?"

"व्हय, सांगितलं खरं." गुरप्पा खाली बसला. "मागावर हाय तेवढं लुगडं शेवटचं. ते उतरलं की माग मोडून इकतो आन् कुर्डुवाडीला जातो. कोळसा उचलायला मानसं घेत्यात म्हनं तितं. हिला आन् अव्वाला कुटं ठेवावं, ते तेवढं कळंना झालंय."

त्याचा आवाज बोलता बोलता बारीक झाला. दोन पिढ्या चाललेला माग! मास्तर मनाने वाईट नव्हते.

"दुसरा कुणी पुरुष नाही का तुमच्या घरात? भाऊबिऊ?"

गुरप्पाचे डोळे चमकले. "हाय की! मल्लप्पा, धाकला भाऊ. अक्कलकोटात दुकानावर असतो. आन् त्येचा पोरगा. लिवा की दोघांस्नी हितंच ऱ्हात्यात म्हनून. कोन बघायला येतंय?"

मास्तर घुटमळले. जन्मात त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. पण समोर एक घर मोडत होतं. "बरं," ते शेवटी म्हणाले, "चला तुमच्या घरी. त्यांची नावं, वयं नीट सांगा."

मास्तरांची बायको प्रेमला दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "अहो," ती म्हणाली, "पण यांचा माग इतके दिवस अक्कलकोटहून चालत होता का?"

"तुला यातलं काही कळायचं नाही," म्हणून मास्तर टोपी घालून निघाले. प्रेमला हसली आणि तांदूळ निवडायला बसली.

या खेपेला मास्तरांना जोडे काढून आत यावं लागलं. सुंदरम्माने घोंगडी अंथरली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती पुन्हा रहाटावर बसली. मास्तर तक्त्यावर लिहू लागले. "मल्लप्पा, वय तीस, धंदा विणकाम..."

"थांबा मास्तर." कोपऱ्यातून शरणम्माचा आवाज आला. "कोन मल्लप्पा?"

"आपला मल्लू, अव्वा," गुरप्पा म्हणाला. "सुतासाटी लिवून घ्यायलोय."

"त्येनं कवा धोटा धरलाय रं यप्पा? लहानपनी माग बघून पळत होता त्यो!" म्हातारीने हातातली लडी मांडीवर ठेवली. "मला डोळ्यानं दिसत न्हाय. पर तुमा दोघांस्नी तर दिसतंय न्हवं? अक्कलकोटात बसलेला मल्लप्पा तुमाला हितनं दिसतो, आन् हितं तुमच्या म्होरं बसलेली सुंदरा दिसत न्हाय व्हय?"



"अव्वा, तसं न्हाय," गुरप्पा चाचरत म्हणाला, "तिचं काम घरातलं..."

"घरातलं व्हय? सुंदरा, रहाट सोड. हात मांडीवर ठेव. गुरप्पा, तू बस मागावर. एकटाच कामकरी हायस न्हवं? मग वीन."

सुंदरम्मा बावरली. सासूने पुन्हा सांगितल्यावर तिने हात काढून घेतला. लग्न होऊन आल्यापासून दिवसाउजेडी ती अशी रिकामी कधी बसली नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत तेच तिला कळेना. गुरप्पा मागावर बसला. टोपलीत पाच भरलेल्या कांड्या होत्या. खटखट, खटखट माग चालू झाला. पहिली कांडी संपली, दुसरी संपली. एक धागा तुटला, तो सांधायला गुरप्पाने सवयीने बायकोकडे पाहिलं आणि मग मुकाट्याने स्वतःच उठला. पाचवी कांडी संपली आणि माग थांबला.

मास्तरांनी कनवटीचं घड्याळ काढून पाहिलं. पुरती वीस मिनिटंही झाली नव्हती.

"झालं इनकाम?" शरणम्माने विचारलं. "आता भर की कांड्या. लड्या उकल. सकाळी उठून सुताला खळ लाव. एक लुगडं इनायला तुला आठ दिस लागत्याल. असल्या घराला कोन सूत देईल?"

"अव्वा, लोक काय म्हनतील?" गुरप्पा कळवळून बोलला. "बायकांच्या जिवावर खातो म्हनतील मला!"

"खातोस त्यात काय लाज हाय? तीबी तुज्या जिवावर खाती. दोघंबी मिळून खाता. तुजा बाबी असंच म्हनायचा, माजी बायको काय करत न्हाय. चाळीस वर्सं मी ते ऐकलं. लड्या उकलून उकलून डोळे गेले माजे, तरी मी काय करत न्हाय! आता एवडा माग जाईल, तरी तुजी मान ताठच ऱ्हावी व्हय?"

म्हातारीचा आवाज चढला नव्हता. ती नुसती दमल्यासारखी बोलत होती. सुंदरम्मा पदराने डोळे टिपत म्हणाली, "त्येंस्नीच कशाला बोल लावता, अत्ती? मास्तरांनी इचारलं तवा म्याच म्हनले, काय करत न्हाय. खोटं तर म्याबी बोलले."

मास्तरांनी तक्त्याकडे पाहिलं. मल्लप्पाचं नाव शाईने ठसठशीत उठलं होतं. अरेरे, आपण काय करायला निघालो होतो! एका घरात नसलेला माणूस आपल्या हातून लिहिला गेला, आणि असलेली दोन माणसं आपणच पुसून टाकली! त्यांनी त्या नावावर आडवी रेघ मारली. इतक्या वर्षांत त्यांच्या कागदावर पडलेली ही पहिली खाडाखोड.

दुसऱ्या दिवशी धर्मशाळेत समितीची बैठक होती. गल्लीतली मंडळीही जमली होती. सिद्धलिंगप्पा बुचकळ्यात पडलेले दिसत होते. "मास्तर, तुमची पाहणी मला उमगत नाही," ते म्हणाले. "सगळं गाव बेकारीने बोंबलतंय, आणि तुमचा कागद म्हणतो मागावर बसायला माणसंच नाहीत! सुताचे गठ्ठे माझ्या वखारीत तसेच पडलेत. ते परत पाठवावेत, असं समितीतल्या काहींचं म्हणणं आहे."

मास्तर उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. "कागद चुकलाय, सिद्धलिंगप्पा. माझ्या हातून चुकलाय. मी कामकरी मोजले नाहीत, मी पुरुष मोजले."

सभेत कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या बायका काय गिरणीत जात न्हाईत!" दोघे-तिघे हसले. आपल्या घरातली बाई कामकरी आहे, हे चारचौघांत कबूल करायला एकही जण तयार दिसेना. मास्तरांनी गुरप्पाकडे पाहिलं. गुरप्पा खाली मान घालून बसला होता. तो बोलला नाही तर सूत परत जाणार, माग मोडणार, सगळं तिथंच संपणार होतं.

गुरप्पा उठला.

"माज्या घरात कामकरी तीन हायत," तो म्हणाला. "मी, माजी बायको सुंदरम्मा आन् माजी अव्वा शरणम्मा. त्या दोघींनी हात काढला तर माजा माग वीस मिनिटं चालतो. काल मास्तरांनी घड्याळ लावून बघितलंय. पयल्या पाहणीला मी खोटं सांगितलं. ज्येला हसायचं त्येनं हसावं."

कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने तिप्पण्णा नावाचा एक वयस्क विणकर उठला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला, "माज्या घरातबी चार हायत. लिवा." मग तिसरा उठला. मग कोण आधी उठलं आणि कोण मागाहून, ते मोजायला कुणाला सवड राहिली नाही!

सिद्धलिंगप्पांनी कपाळाला हात लावला. "तीन माणसांशिवाय माग चालत नाही, ही अट मीच घातली," ते म्हणाले. "ती तिसरी माणसं कोण, हा विचार माझ्याही मनात आला नाही. मास्तर, पाहणी पुन्हा करा. गठ्ठे कुठे जात नाहीत."

मास्तरांनी पाहणी पुन्हा केली. या वेळी दोन दुपारींऐवजी नऊ दिवस लागले, कारण प्रत्येक घरात ते जोडे काढून आत बसले आणि बायकांना त्यांच्या तोंडूनच काम विचारलं. पहिल्या कागदात त्या गल्लीत पंचावन्न कामकरी होते, दुसऱ्यात एकशे अडतीस झाले. गल्लीत नवीन कुणी राहायला आलं नव्हतं. छत्तीस घरांना सूत मिळालं, आणि त्यांत गुरप्पाचं घर होतं.

गुरप्पाने सभेतच आकडा सांगितल्यामुळे मास्तर त्याच्या घरी पोचले तेव्हा सुताचा गठ्ठा आधीच आला होता. मास्तरांनी सुंदरम्माला विचारलं, "वहिनी, तुम्ही काम काय करता?"

तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सासूकडे. मग सावकाश म्हणाली, "कांड्या भरते. ताणा लावायला हात देते. खळ लावते. तुटलेला धागा सांधते." मास्तरांचा रकाना भरला. त्यांनी समासात लिहायला सुरुवात केली.

"आता वाचून दावा की," ती म्हणाली.

मास्तरांनी तिचं नाव आणि त्यापुढचं काम मोठ्याने वाचलं. शरणम्माने लडीवरची बोटं थांबवून ते ऐकलं. "माजंबी वाचा," ती म्हणाली. तेही वाचून झाल्यावर दोघी पुन्हा कामाला लागल्या.

त्या दिवशी मास्तर घरी आले आणि प्रेमलासमोर पाटावर बसून म्हणाले, "तू म्हणालीस ते खरं होतं. मलाच यातलं काही कळत नव्हतं." प्रेमलाने ताटात भात वाढला आणि ती म्हणाली, "आणि माझं हे काम कुठल्या रकान्यात लिहिणार?"

वाचकहो, गावाचा धंदा बसला की उठला, हे आपण गिरण्यांच्या भोंग्यांवरून आणि बाजारभावावरून ठरवतो. पण ज्या हातांवर तो धंदा उभा असतो, त्यांतले निम्मे हात आपण मोजतच नाही, आणि मग माणसं नाहीत म्हणून रडतो! ज्याचं काम मोजलं जात नाही, त्याच्या वाट्याला काही येत नाही, हे ती गल्ली माग गमावता गमावता शिकली. तेव्हा उद्या तुमच्या दारी कुणी तक्ता घेऊन आला आणि घरात कामकरी किती म्हणून विचारलं, तर लगेच उत्तर देऊ नका. आधी घरात वळून पाहा, आणि मग आकडा सांगा.