सातव्या उकळीची देवी

मोरदेवीच्या चार नंबर वॉर्डात त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. महिनाभर ज्या गल्लीत घरोघरी जुलाब चालू होते, तिथे आता झेंडूची तोरणं होती, कानठळ्या बसवणारा स्पीकर होता, आणि वाघाच्या छापाची चादर टाकलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत झरेबाबा होते. बाबा आले आणि पंधरा दिवसांत जुलाब बंद! काल दवाखान्याच्या रांगेत असलेली माणसं आज दर्शनाच्या रांगेत होती.

"हे पाणी नाय, कलियुग हाय!" बाबा हंड्यात बोट बुडवून गरजले. "यात माझं भस्म टाका, शेगडीवर ठेवा, सात उकळ्या येऊ द्या. सातव्या उकळीला जलदेवी जागी होते!"

देवी गार पाण्यात का जागी होत नाही, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही.

गर्दीच्या कडेला आरोग्यसेविका संध्या उभी होती. "पाणी उकळून प्या" हे महिनाभर सांगून तिचा घसा बसला होता. पण सिस्टरच्या सांगण्याला भस्म लावलेलं नसतं, म्हणून ते कुणी ऐकत नाही. तिच्या काखेतल्या फाइलमध्ये एक अर्ज होता. नगरपंचायतीचं स्वतःचं छोटं आरोग्य संशोधन केंद्र उभारायचं, पाणी तपासायचं, घरोघरच्या आजारांची नोंद ठेवायची, रोग कुठून येतो ते गावानेच शोधायचं, आणि त्यासाठी निधी मागायचा. अर्ज आज पाचच्या आत जायला हवा होता, तोही नगरपंचायतीच्या सभेच्या ठरावासकट.

"सिस्टर, रोगच गेला, आता संशोधन कशाचं करता?" नगराध्यक्ष सहादूअण्णा हसले. "वाचनालयाची ती रिकामी खोली बाबांना देऊन टाकू. मठ होईल."

संध्याला संताप आला. पाण्यात घाण कुठून शिरते हे कुणी शोधलंच नव्हतं. बाबांची पाठ वळली की जुलाब पुन्हा येणार, हे तिला दिसत होतं. शिवाय तीन घरांतली माणसं अजूनही मागच्या दाराने तिच्याकडे ओआरएसची पाकिटं न्यायला येत होती, कुणाला सांगू नका म्हणून. त्या तीन घरांपायी ती चार दिवस वॉर्डभर फिरली होती. प्रत्येक दारात आजारी कोण ते वहीत टिपून तिने दोनच प्रश्न विचारले होते: भस्म टाकलं का? पाणी उकळलं का?

दुपारी सभा भरली. बाबांचा सत्कार होता, म्हणून अख्खा वॉर्ड आत घुसला होता. नारळ फुटायच्या आधी संध्याने वही उघडली.

"अठ्ठेचाळीस घरं. एक्केचाळिसांनी भस्म टाकून पाणी उकळलं. कुणी आजारी नाही."

"झरेबाबा की जय!"

"चार घरांनी बिनभस्माचं उकळलं. तिथेही कुणी आजारी नाही."

सगळ्या माना त्या चारांतल्या लंकाबाईंकडे वळल्या. "माझ्याकडं काय बघता?" त्या उसळल्या. "भस्माची पुडी आणली व्हती मी. घरातली भांड्याची पावडर संपली, मग त्या पुडीनंच तवा घासला. लय लख्ख निघाला! पाणी मात्र उकळलं, सात उकळ्या मोजून."

बाबांनी डोळे मिटले. "कृपा तव्यातून घरात शिरली."

"आणि उरलेल्या तीन घरांनी नुसतं भस्म टाकलं, उकळलं नाही," संध्या म्हणाली. "तिन्ही घरी जुलाब आहेत."

"श्रद्धा कमी पडली त्यांची!" बाबांनी ठणकावलं.

बाबांच्या डोक्यावर छत्री धरून उभा असलेला पुंजा कसनुसा झाला. पंधरा दिवस त्याने ती छत्री खाली ठेवली नव्हती.

"माझी श्रद्धा कमी पडली, बाबा?" त्याने विचारलं. "मी म्हनलं, तुमच्या भस्माला गॅसचा टेकू कशाला? उकळनं म्हंजे तुमच्यावर अविश्वास. गार पान्यात भस्म टाकलं, सोता प्यालो, पोरांना पाजलं. दोन्ही पोरं सकाळपासून सलाइनवर हायत."

पुंजाने छत्री मिटून टेबलावर ठेवली. बाबांना दुसऱ्या गावचा कार्यक्रम एकाएकी आठवला.

"मंग भस्म काय व्हतं?" अण्णांनी हळूच विचारलं.

"राख. काम केलं ते शेगडीनं," संध्या म्हणाली. "पण अण्णा, मी सांगते म्हणूनही मानू नका. चार नि तीन अशा सात घरांवर शास्त्र उभं राहत नाही. पाण्यात घाण कुठं मिसळते, मलाही माहीत नाही. तेच शोधायला खोली पाहिजे, माणसं पाहिजेत. उकळी किती दिवस काढायची?"

ठराव मंजूर झाला तेव्हा साडेचार वाजले होते. अर्जाच्या शेवटी प्रश्न होता: संशोधनासाठी सध्या आपल्याकडे काय आहे? संध्याने खरं तेच लिहिलं: एक वही आणि दोन प्रश्न.

चमत्कार तिथे नमस्कार करायला आपले हात चटकन जोडले जातात. जोडा हवे तर. पण त्याआधी शेजारच्या घरात जाऊन विचारा, ज्याने नमस्कार केला नाही त्याचं काय झालं? आणि ज्याने सगळ्यांत मनापासून केला, त्याचं?

"घरोघर फिरायला मानूस लागंल ना, सिस्टर?" दारात थांबून पुंजाने विचारलं. "दवाखान्यात जाऊन पोरं बघून येतो. मंग मला ती वही द्या."